अमेरिकन फुटबॉलमधील ‘ड्राफ्ट’: महाविद्यालयीन खेळाडूंची निवड आणि पाळ्यांची देवघेव नेमकी कशी चालते?

क्रीडाशिक्षक_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम करतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी कबड्डी आणि खो-खोचे संघ घेऊन जाताना मुले हमखास विचारतात, की इथून पुढे व्यावसायिक संघात जाण्याचा रस्ता कोणता. त्या ओघात एका विद्यार्थ्याने अमेरिकेतील एनएफएल या फुटबॉल लीगच्या ड्राफ्टचा विषय काढला आणि माझ्याकडे त्याला देण्याजोगे उत्तर नव्हते.

आयपीएल आणि प्रो कबड्डीचे लिलाव आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. त्या ड्राफ्टमध्ये मात्र बोली लागत नाही, संघ पाळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडूंची नावे घेतात आणि गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी सर्वांत आधी येते, एवढे मला समजले. जर बोलीच नाही, तर मग ‘ट्रेड’ कशाचा होतो? ज्या मुलाने व्यावसायिक मैदानावर अद्याप पाऊलही ठेवलेले नाही, त्याच्यासाठी संघ पुढील दोन-दोन वर्षांच्या निवडी देऊन टाकतात, ते कोणत्या हिशेबाने? आणि या सगळ्यात त्या खेळाडूच्या मताला काही किंमत असते की नाही? नियमांच्या यादीपेक्षा त्यामागचा विचार कोणी जाणकाराने उलगडून सांगितल्यास आभारी राहीन.

जुळे_सोलापूरकर

सर, नोकरीनिमित्त काही वर्षे तिकडे राहिल्यामुळे हा खेळ पाहण्याची सवय लागली, म्हणून लिहितो. ड्राफ्टमध्ये संघाच्या हातात असते ती पाळी, आणि बहुतेक देवघेव त्या पाळ्यांचीच होते. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सोपे जाते.

एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि ड्राफ्टच्या ७ फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक संघाला मुळात ७ पाळ्या मिळतात. त्यांच्याशिवाय, आदल्या वर्षी ज्यांचे चांगले खेळाडू करार संपल्यामुळे दुसरीकडे गेले, त्या संघांना भरपाई म्हणून तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी काही जादा पाळ्या दिल्या जातात, त्यामुळे एकूण निवडी अडीचशेच्या आसपास जातात. क्रम गेल्या हंगामाच्या उलट लागतो. प्लेऑफमध्ये न पोहोचलेले १८ संघ आधी येतात, त्यांच्यात सर्वांत कमी सामने जिंकलेला संघ पहिला असतो. त्यानंतर प्लेऑफमध्ये जो जितका उशिरा हरला तितका मागे, आणि सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकलेला संघ ३२ वा. दोन संघांची कामगिरी सारखी असेल तर ज्याचे प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळे होते त्याला आधीची पाळी मिळते, कारण सोप्या प्रतिस्पर्ध्यांसमोरही तो तितकेच हरला.

हा उलटा क्रम कुठून आला ते सांगतो, कारण त्यातच आपल्या ‘का’चे उत्तर आहे. १९३० च्या दशकात शिक्षण संपवून बाहेर पडणारा खेळाडू हवा त्या संघाशी करार करू शकत असे. साहजिकच पैसेवाले आणि जिंकणारे संघ चांगली मुले उचलत आणि उरलेले संघ हरतच राहत. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ असाच तळाला होता. त्यांनी १९३५ मध्ये मांडलेला उलट्या क्रमाचा प्रस्ताव इतर मालकांनी मान्य केला, आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. त्यात ९ संघांनी मिळून ८१ खेळाडू निवडले. गंमत म्हणजे पहिल्याच पाळीवर निवडलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. ईगल्सनी त्याचे हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकले, पण पैशांवरून तिथेही जमले नाही. म्हणजे ड्राफ्ट आणि ट्रेड या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी जन्मल्या.

आपल्याकडे बाजार समितीत कांद्याचा लिलाव निघतो तेव्हा ज्याची बोली चढी त्याचा माल. ड्राफ्टमध्ये ती चढाओढच काढून टाकलेली आहे. एखाद्या संघाने नाव घेतले की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क लीगमध्ये फक्त त्या संघाचा राहतो. मालकांना यात दुहेरी लाभ दिसला असणार, हे उघड आहे. दुबळ्या संघाला आधार मिळतो आणि नवख्या खेळाडूचा भावही वाढत नाही. कौतुक करणारे पहिलाच लाभ सांगतात, दुसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

पात्रतेची अट अशी, की शालेय शिक्षण संपून किमान ३ वर्षे झालेली असली पाहिजेत. महाविद्यालयात खेळण्याची मुदत अजून शिल्लक असलेल्या खेळाडूला ड्राफ्टमध्ये यायचे असेल तर साधारण जानेवारीत तसे जाहीर करावे लागते. त्यानंतर इंडियानापोलिस येथे ‘कंबाइन’ नावाची चाचणी होते. तिथे ४० यार्डांची धाव, उभी उडी, वैद्यकीय तपासणी आणि संघांच्या प्रशिक्षकांसमोर मुलाखती असा कार्यक्रम असतो. तुमच्या क्षेत्रातील म्हणून आवर्जून सांगतो, की त्या धावेच्या वेळेला प्रसारमाध्यमे जितके महत्त्व देतात, त्याहून अधिक वजन संघ वैद्यकीय अहवालाला आणि सामन्यांच्या चित्रफितींना देतात, असे माझे निरीक्षण आहे.

क्रीडाशिक्षक_सोलापूर

अतिशय सविस्तर उत्तर दिलेत, मनापासून आभार. आता पाळीची किंमत कोण ठरवतो, एवढा भाग राहिला. दहावी पाळी हवी असेल आणि आपल्याकडे सत्ताविसावी असेल, तर वर नेमके किती द्यायचे, याला काही दर असतो काय?

होटगी_रोड

सर, अधिकृत दर नाही, परंतु एक तक्ता आहे आणि त्याचा इतिहास रंजक आहे.

ऑक्टोबर १९८९ मध्ये डॅलस काउबॉइज हा संघ अगदी रसातळाला गेलेला होता आणि त्याच्याकडे हर्शेल वॉकर हा एकच मोठा धावपटू (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) होता. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी त्यालाच मिनेसोटा व्हायकिंग्जना देऊन टाकले आणि बदल्यात काही खेळाडू व पुढील वर्षांच्या पाळ्यांचा ढीग घेतला. इतर संघांचा थोडा सहभाग धरून एकूण १८ खेळाडू व पाळ्या या सौद्यात इकडून तिकडे गेल्या. एका वॉकरने आपण सुपर बोल गाठू असे व्हायकिंग्जना वाटले होते, ते घडले नाही. काउबॉइजनी त्या पाळ्या पुन्हा पुन्हा बदलत, वर-खाली सरकत नवा संघ उभा केला आणि १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांचे सुपर बोल जिंकले. १९९० मध्ये घेतलेला एमिट स्मिथ हा त्याच साखळीतून आलेला.

इतक्या पाळ्या हातात आल्यावर रोज नवे प्रस्ताव येऊ लागले, आणि प्रत्येक वेळी अंदाजाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे परवडेना. तेव्हा संघाच्या मालकीत भागीदार असलेले अभियंते माइक मॅकॉय यांनी १९९१ च्या सुमारास जुन्या सौद्यांचा अभ्यास करून प्रत्येक पाळीला गुण देणारा तक्ता बनवला. पहिल्या पाळीला ३००० गुण, दुसऱ्या पाळीला २६००, दहाव्या पाळीला १३००, सोळाव्या पाळीला १००० आणि पहिल्या फेरीच्या शेवटच्या, म्हणजे ३२ व्या पाळीला ५९०. प्रशिक्षक आणि अधिकारी एका संघातून दुसऱ्या संघात जात राहिले, तसा हा तक्ता त्यांच्याबरोबर सगळ्या लीगमध्ये पसरला. आज बहुतेक संघ स्वतःचे सुधारित तक्ते वापरतात, तरी बोलणी सुरू करायला तो जुना तक्ता अजूनही कामाला येतो.

आपण योगायोगाने विचारलेले दहा आणि सत्तावीस हेच आकडे २०१७ मध्ये प्रत्यक्ष घडले. कॅन्सस सिटी चीफ्सची पाळी २७ वी होती आणि त्यांना पॅट्रिक माहोम्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, हवा होता. त्यांनी बफलो बिल्सकडून दहावी पाळी घेतली आणि बदल्यात आपली २७ वी, ९१ वी आणि २०१८ ची पहिल्या फेरीची पाळी दिली. तक्त्यावर २७ व्या पाळीचे ६८० आणि ९१ व्या पाळीचे १३६ मिळून ८१६ होतात. १३०० पर्यंतचा उरलेला ४८४ चा फरक पुढील वर्षाच्या पाळीने भरून काढला. ४८४ म्हणजे साधारण दुसऱ्या फेरीच्या मध्यावरची किंमत. ‘पुढच्या वर्षाची पहिली फेरी म्हणजे यंदाची दुसरी फेरी’ असा जो ठोकताळा संघ वापरतात, तो इथे जवळजवळ तंतोतंत उतरलेला दिसतो. एका वर्षाच्या उधारीवर हे केवढे व्याज झाले, याचा हिशेब आपल्या वाणिज्य विभागातील सहकाऱ्यांना जरूर करायला सांगा. माहोम्सच्या बाबतीत ते व्याज वसूल झाले, कारण त्याच्यासह चीफ्सनी त्यानंतर तीन सुपर बोल जिंकले.

त्याच ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सनी तिसऱ्या पाळीवरून दुसऱ्या पाळीवर, म्हणजे फक्त एक घर पुढे सरकण्यासाठी तिसरी, ६७ वी, १११ वी आणि पुढील वर्षाची तिसऱ्या फेरीची अशा चार पाळ्या मोजल्या आणि मिचेल ट्रुबिस्की या क्वार्टरबॅकला घेतले. माहोम्स तेव्हा मोकळाच होता. तक्ता दोन्ही सौद्यांना सारखाच लागू होता. तो पाळीची किंमत सांगतो, कोणते नाव घ्यायचे हे संघालाच ठरवावे लागते.

पार्क_मैदान

भविष्यातील पाळी देताना आणखी एक धोका असतो, तो वर आलेला नाही. ती पाळी कितवी असेल हे देतेवेळी कोणालाच ठाऊक नसते, कारण तो क्रम देणाऱ्या संघाच्या पुढील हंगामातील कामगिरीवर ठरायचा असतो. २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सनी बेअर्सकडून पहिली पाळी घेतली आणि त्यासाठी ९ वी व ६१ वी पाळी, २०२४ ची पहिल्या फेरीची, २०२५ ची दुसऱ्या फेरीची आणि शिवाय डी. जे. मूर हा चांगला प्रस्थापित खेळाडू दिला. त्या पाळीवर त्यांनी ब्राइस यंगला घेतले आणि त्या हंगामात १७ पैकी केवळ २ सामने जिंकून ते तळाला गेले. त्यामुळे २०२४ ची दिलेली पाळी चक्क पहिली ठरली, आणि बेअर्सनी त्यावर केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला. स्वतःच्या पराभवांचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडले.

अशा सौद्यांमध्ये क्वार्टरबॅक वारंवार येतो, कारण संघाची सारी चढाई त्याच्या हातून चालते आणि चांगला क्वार्टरबॅक खुल्या बाजारात क्वचितच मिळतो. इतर जागांसाठी एवढी किंमत मोजलेली शहाणे लोक नावे ठेवतात. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी रिकी विल्यम्स या एका धावपटूसाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या पाळ्या आणि वर २००० सालच्या पहिल्या व तिसऱ्या फेरीच्या पाळ्या देऊन टाकल्या होत्या. तेव्हापासून तो सौदा कसा करू नये याचा नमुना म्हणून सांगितला जातो.

सात_रस्ता

मी पेशाने वकील आहे, त्यामुळे खेळाडूच्या मताबद्दलच्या आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. कायद्याच्या नजरेने पाहिले तर ही व्यवस्था मोठी विचित्र आहे. एकमेकांचे स्पर्धक असलेले ३२ व्यावसायिक एकत्र बसून ठरवतात की अमुक तरुणाशी आमच्यापैकी एकानेच बोलावे. हेच कारखानदारांनी अभियंत्यांच्या बाबतीत केले असते तर स्पर्धाविरोधी कट म्हणून न्यायालयात उभे राहावे लागले असते. अमेरिकेत तसा खटला झाला होता आणि १९७८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने त्या काळातील ड्राफ्ट बेकायदेशीर ठरवला होता. त्यानंतर ड्राफ्ट टिकला तो खेळाडूंच्या संघटनेने लीगशी केलेल्या सामूहिक करारामुळे. कामगार संघटनेने वाटाघाटीत मान्य केलेल्या अटींना तिकडच्या स्पर्धा कायद्यातून सूट मिळते. मेख अशी, की ज्याच्यावर ही अट लागू होते तो महाविद्यालयीन मुलगा त्या वेळी संघटनेचा सदस्यच नसतो. मॉरिस क्लॅरेट या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या खेळाडूने तीन वर्षांच्या अटीविरुद्ध नेमका हाच मुद्दा लढवला. खालच्या न्यायालयात तो जिंकला, पण २००४ मध्ये अपिलात हरला. तो अपिलाचा निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

तरीही खेळाडू अगदीच निरुपाय नसतो. निवड झाल्यावर करार न करता वर्षभर बाहेर बसले की पुढील ड्राफ्टमध्ये पुन्हा नाव येते. १९८६ मध्ये बो जॅक्सनला टँपा बे संघाने पहिल्या पाळीवर घेतले. त्याने नकार देऊन बेसबॉलचा मार्ग धरला आणि पुढील वर्षी रेडर्स संघाने त्याला सातव्या फेरीत घेतले. ज्याला दुसरा खेळ येतो त्याची घासाघीस करण्याची ताकद वाढते, हे १९८३ मध्ये जॉन एलवेनेही दाखवले होते. बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळण्यापेक्षा बेसबॉल खेळेन, असे त्याने सांगितल्यावर त्यांनी त्याला डेन्व्हरकडे पाठवले. २००४ मध्ये इलाय मॅनिंगने सॅन डिएगोला आधीच नकार कळवला होता. त्यांनी तरीही त्याला पहिल्या पाळीवर घेतले आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सना दिले. जायंट्सनी चौथ्या पाळीवर घेतलेला फिलिप रिव्हर्स त्यांना दिला, शिवाय त्या वर्षीची तिसऱ्या फेरीची आणि २००५ ची पहिल्या व पाचव्या फेरीची पाळी दिली. अर्थात हा हट्ट पहिल्या दोन-चार नावांनाच परवडतो. पाचव्या फेरीतला मुलगा ‘मी तिकडे जाणार नाही’ म्हणाला तर संघ पुढचे नाव घेईल.

जुळे_सोलापूरकर

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून पगाराचे सांगतो. २०१० मध्ये पहिल्या पाळीवर गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. २०११ च्या सामूहिक करारात नवख्या खेळाडूंची वेतनश्रेणी बांधली गेली आणि त्या वर्षी पहिल्या पाळीवर गेलेल्या कॅम न्यूटनला ४ वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. यामुळे वरच्या पाळ्यांची ओढ आणखी वाढली, कारण संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, आणि स्वस्तात चांगला क्वार्टरबॅक मिळाला की उरलेल्या रकमेत बाकीचा संघ भरता येतो.

पार्क_मैदान

इथे मला थोडी असहमती नोंदवायची आहे. वरच्या पाळ्या वाजवीपेक्षा महाग विकल्या जातात, असे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी आकडेवारीने दाखवले होते. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पगार वजा केल्यावर संघाला सर्वाधिक लाभ दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला निवडलेल्या खेळाडूंकडून होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून किंचितच जास्त असते, हेही त्यांनी मांडले. तो अभ्यास जुन्या पगारांच्या काळातला होता हे मान्य. परंतु दुसरा निष्कर्ष पगारावर अवलंबून नाही. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ व्या पाळीवर गेला. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या आणि वर तिसऱ्या फेरीची एक पाळी देऊन तिसरी पाळी मिळवली, त्यावर ट्रे लान्सला घेतले, आणि पुढच्याच वर्षी अगदी शेवटच्या, २६२ व्या पाळीवर घेतलेल्या ब्रॉक पर्डीने त्यांना सुपर बोलपर्यंत नेले.

होटगी_रोड

मुद्दा रास्त आहे, पण ब्रेडी आणि पर्डी आठवतात ते अपवाद म्हणूनच. त्या सहाव्या-सातव्या फेरीत दरवर्षी निवडले जाणारे बाकीचे खेळाडू कोण होते, हे कोणी सांगू शकणार नाही. मॅसी-थेलर यांचा खरा सल्ला असा होता की हातात जास्त पाळ्या ठेवा, कारण अंदाज चुकणारच आहेत. जॉन्सन यांनी १९८९ नंतर कोणताही प्रबंध न वाचता तेच केले. आपल्याकडे २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी लिलावाऐवजी असाच ड्राफ्ट झाला होता. दिल्लीने प्रदीप सांगवान या गोलंदाजाला घेतले आणि विराट कोहली बंगळुरूला मिळाला. दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते, त्यामुळे त्या दिवशी तो निर्णय समंजसच होता.

क्रीडाशिक्षक_सोलापूर

सर्वांचे आभार. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक शेवटचे विचारतो. सातही फेऱ्यांत ज्याचे नाव आले नाही, त्याचा मार्ग बंद होतो काय? आणि हे सारे थेट पाहायचे असल्यास इथे किती वाजता दिसते?

जुळे_सोलापूरकर

मार्ग बंद होत नाही, सर. ड्राफ्ट संपताच न निवडलेले खेळाडू मोकळे होतात आणि कोणत्याही संघाशी करार करू शकतात. त्यासाठी संघांचे फोन शेवटच्या फेरीतच सुरू होतात. उन्हाळी सरावाला प्रत्येक संघ ९० पर्यंत खेळाडू बोलावतो आणि हंगामापूर्वी त्यातून ५३ ठेवतो. सातव्या फेरीत निवडलेल्याला संघ निवडता येत नाही, न निवडलेल्याला मात्र येतो. त्यामुळे जिथे आपल्या जागेवर स्पर्धा कमी असेल तिथे जाण्याची संधी त्याला मिळते, आणि काही एजंट तर सहाव्या-सातव्या फेरीत नाव न आलेलेच बरे असे मानतात. कर्ट वॉर्नर १९९४ मध्ये असाच निवडीविना राहिला, काही काळ किराणा दुकानात माल लावण्याचे काम त्याने केले, आणि १९९९ च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला व त्याच्या संघाने सुपर बोलही जिंकला.

ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस असतो. पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री ८ वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला. प्रत्येक पाळीला ठरावीक मिनिटे मिळतात आणि ट्रेडचे फोन त्या मिनिटांतही चालू असतात. २००३ मध्ये व्हायकिंग्ज बाल्टिमोरशी सौदा करण्यात गुंतले असताना त्यांची वेळ संपली, मागच्या दोन संघांनी पुढे होऊन आपापली नावे घेतली, आणि सातव्या पाळीचे व्हायकिंग्ज नवव्यावर गेले. तिथे त्यांनी केविन विल्यम्सला घेतले, आणि तो पुढे अनेक वर्षे लीगमधील अव्वल बचावपटूंमध्ये गणला गेला.